दिनकररावांची सबुरी

दिनकररावांनी चेंडू फेकायला हात वर केला आणि भुऱ्या शेपूट पायांत घालून पळाला. यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. सेलूतलंच काय, अख्ख्या मुलखातलं कुठलंही गावठी कुत्रं हेच करील. माणूस वाकला की दगड उचलतो आणि हात वर गेला की दगड सुटतो, एवढी अक्कल त्याला आईच्या दुधातूनच मिळालेली असते. नवल पुढं झालं. मनकर्णा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती, हात पिठात तसेच ठेवून. तिला वाटलं, आता हे खवळणार. दिनकरराव खवळले नाहीत. त्यांनी धोतर सावरलं आणि ते चक्क अंगणातल्या धुळीत बसले. चेंडू बाजूला ठेवला, दोन्ही तळहात उघडे करून गुडघ्यांवर ठेवले आणि कुंपणाशी थांबलेल्या कुत्र्याला हलक्या आवाजात म्हणाले, "अरे, मी काय मारायलोय का तुला? ये. सावकाश ये. घाई नाही आपल्याला." मनकर्णाच्या बोटांवरचं पीठ वाळून गेलं. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. खुंटीवरची टोपी काढायला दिनकररावांचा हात वर गेला की खाली चुलीपाशी बसलेली ती मान खांद्यांत ओढून डोळे मिटून घेई. तेव्हा ते हेच विचारत, आवाज चढवून. "मी काय मारायलोय का?" तिच्या तोंडून उत्तर फुटत नसे आणि मग ते खरंच मारत. म्हणजे तिला मार मिळायचा तो दचकल्याबद्दल. आणि कुत्रं दचकलं तर हेच गृहस्थ धुळीत बसतात. तिला एकदम इतका राग आला की तिनं पिठाचा गोळा परातीत आपटला, आणि आवाज झाला म्हणून लगेच दाराकडं बघितलं.

हे खूळ आलं होतं रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावरून. दिनकरराव आबासाहेबांच्या कापसाच्या जिनात मुनीम होते. सरकारी शाळेत उर्दू शिकलेले, बोलायला मऊ, गावात चार लोक सल्ला विचारायला येणारे. रुईच्या गाठी पाठवायला मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे डबे, मिळेनात म्हणून आबासाहेबांनी त्यांना स्टेशनापलीकडच्या बंगल्यावर धाडलं. गोरा साहेब पडवीत बसून चेंडू फेकत होता आणि त्याचं लांब कानांचं कुत्रं तो तोंडात धरून आणून त्याच्या हातात देत होतं. दिनकररावांनी कौतुकानं मान हलवली, तर साहेब हसून म्हणाला, "तुम्हारे देसी कुत्ते कू सिर्फ पत्थर समझता, मुन्शीजी." तिथले हमाल हसले, टपालवाला हसला, दिनकररावही हसले. घरी येऊन मात्र त्यांनी आमटी अळणी म्हणून वाटी भिरकावली. आमटी अळणी नव्हती. रात्री पाठ शेकताना मनकर्णाला साहेबाचा राग आला नाही, कुत्र्याचाही आला नाही. तिला फक्त वाटलं की बाहेर कुणीही हसो, त्याचा हिशेब आपल्या पाठीवरच का चुकता व्हावा.

भुऱ्या खरा तिचा. म्हणजे कुत्रं कुणाचं असतं तेवढा. कुठंतरी मोठा झालेला, एक कान फाटलेला, अंगावर जुन्या डागण्यांचे वण घेऊन आलेला. पहिलं मूल गेल्यावर ती मागच्या दाराशी नुसती बसून राही, तेव्हा हा कुंपणाखालून आत आला आणि लांबून तिच्याकडं बघत बसला. तिनं भाकरीचा तुकडा टाकला तर पळाला. दुसऱ्या दिवशी तिनं टाकला नाही, पुढं धरला. किती दिवस असे गेले कोण जाणे. शेवटी एकदा त्यानं तो तिच्या हातातून घेतला, दात न लावता, नुसत्या ओठांनी, आणि तिला रडू आलं. मूल गेलं त्या दिवशी आलं नव्हतं ते. तेव्हापासून रोजची एक भाकरी त्याची. दिनकररावांनी त्याला कधी बघितल्यासारखं केलं नव्हतं. आता त्यांना शिकवायला कुत्रं हवं होतं, तर हे आयतं अंगणात होतं.

चैत्रात कापूस संपला, जिनाची यंत्रं थांबली आणि दिनकररावांना वेळच वेळ मिळाला. कापसाच्या बोळ्यावर सुतळी गुंडाळून त्यांनी चेंडू केला. त्या पहिल्या फजितीनंतर कितीतरी दिवस तो फेकलाच नाही. चेंडूला भाकरी चोळत, तो जमिनीवर ठेवत, भुऱ्यानं हुंगला की त्याला तुकडा देत. मग हात थोडा वर. कोपरापर्यंत. भुऱ्या मागं सरला की हात खाली. परत उद्या. रोज बोटभर वर. बघणाराच्या अंगाला मुंग्या याव्यात इतकं ते सावकाश चाललेलं असे. उन्हं कलली की शेजारची धुरपदाबाई कुंपणावरून वाकून बघे आणि म्हणे, "मनकर्णे, नशीब काढलंस बाई. आमच्याकडल्याला दोन घटका दम न्हाई." मनकर्णा हसल्यासारखं करी. भिंत एकच होती. धुरपदाबाईला पलीकडं सगळं ऐकू जात होतं, आणि तरी ती हे मनापासून बोलत होती. तिचं तरी काय चुकलं? घरोघरी मातीच्या चुली. चुलीतला जाळ कुणी आत येऊन बघायचा नसतो, बाहेरून दिसतो तो धूर, आणि दिनकररावांच्या घरातून तोही निघत नसे. मनकर्णा खिडकीतून बघत राही. बघायचं नाही असं ठरवूनही बघे. हा हात तिच्या इतक्या ओळखीचा होता; त्याचं वजन, अंगठीची बाजू, येण्याआधीची वाऱ्याची झुळूक. तोच हात तिथं कुत्र्याच्या फाटक्या कानामागं खाजवत होता. लग्नानंतर सुरुवातीला तिला नवऱ्याची जरा कीवच आली होती. तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं की ह्यांना येतच नाही. काही माणसांना गाता येत नाही, तसं ह्यांना मऊ हात ठेवता येत नाही, त्याला ते तरी काय करणार. आता दिसत होतं की येतं. चांगलं येतं. तिच्या वाट्याला तेवढं काढलेलं नव्हतं.

आषाढात तिला दिवस गेल्याचं कळलं. तिनं कुणालाच सांगितलं नाही. आणि त्याच दिवसांत, स्वतःला कितीही शिव्या घातल्या तरी, तिच्या मनात आशा उगवली. महिनाभर तिला मार बसला नव्हता. दिनकरराव संध्याकाळी अंगणातून घामेजून, खुशीत येत, पाणी मागत, भुऱ्याच्या गोष्टी सांगत. "आज चेंडूपर्यंत गेला. उचलला नाही, पण गेला. बघ तू." तिला वाटायला लागलं की कुत्र्याबरोबर हातही शिकायलाय. मुकं जनावर एवढी भीती विसरतं तर माणूस मारायचं विसरणार नाही का? ती भाकऱ्या थापताना पोटातल्या जिवाला मनातल्या मनात सांगे की थांब जरा, तुझा बाप शिकायलाय. मग एका संध्याकाळी भुऱ्यानं पहिल्यांदा चेंडू तोंडात धरला, अंगणाच्या मध्यापर्यंत आणला, आणि तिथून बिचकून चेंडूसकट पळाला. दिनकरराव कुंपणापर्यंत गेले, बसले, अंधार पडेपर्यंत चुचकारत राहिले. एकदाही आवाज चढवला नाही. मग घरात आले. कंदिलाची काच पुसायची राहिली होती. एवढंच. दिवसभर जपलेली सबुरी एका दमात तिच्या अंगावर उतरली, आणि ती पोटाभोवती हात आवळून भिंतीकडं तोंड करून बसली. मार पाठीवर झेलायचा असतो हे ती मागच्या खेपेला शिकली होती. मागच्या खेपेला पाचवा महिना होता. ढकललं तेव्हा ती उंबऱ्यावर पोटावरच पडली होती. वैदीणबाईला, धुरपदाबाईला, माहेरच्यांना, सगळ्यांना तिनं सांगितलं की बारवेच्या पायरीवरून पाय घसरला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ अजून झाकलेलीच होती. ह्या वेळी मात्र इथं राहिलं तर मूल जाणार, हे तिला त्या रात्री पाण्यासारखं स्वच्छ दिसलं. नागपंचमीला भाऊ, भुजंगदादा, न्यायला येईल. त्याला सगळं सांगायचं आणि परत यायचं नाही.

भुजंग पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं पेडगावहून आला, खांद्यावर लाह्यांची पिशवी आणि बहिणीसाठी बांगड्यांचा जोड घेऊन. सासुरवाशिणीला न्यायला मुऱ्हाळी आला म्हणजे जावयानं थाट दाखवायचा, आणि दिनकररावांकडं यंदा दाखवायला भलताच थाट होता. आबासाहेबांना निरोप गेला, शेजारपाजार अंगणात जमलं, भुजंगाला खाटेवर मानानं बसवलं. मनकर्णा दाराआड चहाचे कप भरत होती. दिनकररावांनी हात पार डोक्याच्या वर नेला. भुऱ्या हलला नाही. कान टवकारून, जीभ बाहेर काढून, त्या हाताकडं असा बघत राहिला की जणू त्यातून आता देवाचा प्रसादच सुटणार आहे. चेंडू सुटला, कुत्रं धावलं, चेंडू घेऊन आलं आणि त्यानं तो दिनकररावांच्या तळहातावर ठेवला. लोक ओरडले. आबासाहेब म्हणाले, "वा, मुनीमजी! काय सबुरी हाय हो तुमची!" भुजंगाचं तोंड उघडं ते उघडंच. "दाजी, ह्ये केलं कसं तुमी? आमी तर काठीबिगर कुत्र्याला काय शिकिवलंच न्हाई कधी."

"काठीनं पळायला शिकतं ते," दिनकरराव म्हणाले. ते आता रंगात आले होते. "शिकवायचं असेल तर आधी त्याच्या मनातली भीती काढावी लागती. हात वर गेला की मार बसतो, हे त्याच्या हाडात बसलेलं असतं. ते दचकलं तर आपण रागवायचं नाही. ते त्याचं चुकत नाही, ते आपलं पाप असतं. हातातून सारखं चांगलंच मिळालं पाहिजे. अन् एकदा, फक्त एकदा जरी हात उगारलात, की झालं. सगळं पाण्यात. एवढ्या महिन्यांचं काम एका फटक्यात जातं."

लोक माना डोलवत होते. दाराआड मनकर्णाच्या हातात भरलेला कप होता. तिनं तो खाली ठेवला. म्हणजे ह्यांना माहीत होतं. नुसता हात मऊ ठेवता येत होता एवढंच नव्हे, तर आतलं सगळं, भीती कुठं बसते, दचकणं कुणाचं पाप, एका फटक्यानं काय जातं, हे इतकं नीट माहीत होतं की चार लोकांपुढं धडा दिल्यासारखं सांगता येत होतं. न कळून मारणाऱ्याला एखादी बाई जन्मभर माफ करील. हे कळून होतं. बाहेर टाळ्या चालल्या होत्या. भुऱ्यानं परत चेंडू आणला असावा.

दुपारच्या गाडीनं पेडगावला उतरल्यावर स्टेशनापासून घरापर्यंत बैलगाडी होती. गाडीत भाऊ-बहीण दोघंच. रस्ताभर भुजंग भुऱ्याचंच सांगत होता, जणू ती त्या घरात राहतच नव्हती. तिनं मध्येच तोडून सांगितलं. दिवस गेल्याचं सांगितलं, पाठीचं सांगितलं, उंबऱ्याचं सांगितलं. ठरवलं होतं तसं नीट बोलता आलं नाही. आधीचं नंतर, नंतरचं आधी झालं. भुजंगानं कासरा आखडला, बैल थांबले.

"पर तवा तू म्हणालीस पाय घसरला."

"मग काय सांगू, दादा? सांगायसारखं हुतं का?"

"म्हंजे तवा खोटं बोललीस. आन आता खरं बोलायलीस." त्याला तिला दुखवायचं नव्हतं, ते दिसत होतं. तो खरोखर कोड्यात पडला होता. "आगं, म्या सोताच्या डोळ्यानं बघून आलोय. ज्यो मानूस मुक्या जनावरावर हात उगारत न्हाई, त्यो बायकूचं पोर पाडंल? कायतरी बोलू नगं. एखादी चापट मारली आसंल, कोण मारत न्हाई? तुला दिवस गेल्यात, आशात बायांच्या मनात कायबाय येतंय. आईपाशी बोल, बरं वाटंल."

बैल चालायला लागले. बोलण्यासारखं राहिलंच काय होतं? इतकी वर्षं तिच्याकडं फक्त तिचा शब्द होता, आणि तो तिनं स्वतःच एकदा खोटा पाडला होता. आता दिनकररावांकडं साक्षीदार होता, चार पायांचा, फाटक्या कानाचा, तिच्या हातची भाकरी खाऊन पोसलेला. माहेरी पंचमी नेहमीसारखी झाली. तवा चढला नाही, विळी बाहेर निघाली नाही, बायांनी झोके घेतले, तिला झोक्यावर बसू दिलं नाही कारण आईला कळलं होतं आणि आई खुशीत होती. आईपाशी ती बोलली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली की मूल झालं म्हणजे पुरुष सुधारतो. सटवाजीकाका, बापामागं घर सांभाळणारे चुलते, पडवीत भुजंगाकडून कुत्र्याची गोष्ट ऐकत होते. त्यांना ती पटत नव्हती. "गावठी कुत्रं आन चेंडू? लबाड हायस तू." शेवटी काकांनीच ठरवलं की पोळा झाला की सेलूच्या बाजाराला जायचंच आहे, तेव्हा डोळ्यांनी बघू. जावईबापूंचीही भेट होईल. मनकर्णा भांडी घासत होती. राखेनं काळे झालेले हात तिनं पाण्यात बुडवले आणि ते बराच वेळ पाण्यातच ठेवले. पुढं जे झालं ते तिथंच सुचलं की नंतर, हे तिला सांगता आलं नसतं. सुचलं असं कशाला म्हणायचं? दिनकररावांनी कृती सांगितलीच होती. फक्त उलटीकडून वाचायची होती.

सेलूला परतल्यावर भुऱ्यानं तिच्याभोवती इतक्या गिरक्या घेतल्या की ती पडता पडता वाचली. तिनं त्या दिवशी काही केलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. मग दिनकरराव आबासाहेबांच्या कामाला मानवतला गेले. दुपार होती. धुरपदाबाई शेतावर. मनकर्णानं मागचं दार उघडलं, भुऱ्याला बोलावलं आणि अंगणाच्या मध्यभागी, जिथं ते उभे राहत बरोबर तिथं, उभी राहिली. पाय तसेच फाकवले. हात वर नेला, कोपर थोडं मागं, अगदी तसा. भुऱ्या समोर येऊन बसला, शेपटी जमिनीवर आपटत. तिच्या हातात चुलीतलं लाकूड होतं. पहिला फटका बसला तेव्हा तो ओरडलासुद्धा नाही. नुसता तिच्याकडं बघत राहिला, खेळातलं काही आपल्यालाच कळलं नाही असं. दुसऱ्याला तो केकाटून पळाला. ती घरात येऊन चुलीपुढं बसली. हे तुझ्यासाठी, ती मनात पोटाला म्हणाली. पण त्याला कशाला मध्ये घ्यायचं असं वाटून तिनं ते वाक्य मनातच तोडलं. तिन्हीसांजेला भुऱ्या परत आला. पोट जमिनीला घासत, मान खाली, आला आणि तिच्या पायाचा अंगठा चाटायला लागला. हे तिला माहीत असायला हवं होतं. परत येणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? मार खाऊन, तोंड धुऊन, आमटी परत गरम करून वाढणारी ती. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवणार होती. ठेवला असता तर सगळं फुकट गेलं असतं. ती आत गेली आणि लाकूड घेऊन आली.

ते एकदा करून भागलं नाही. दिनकरराव घरात नसत तेव्हा तेव्हा करावं लागलं. खूण अंगावर दिसणार नाही अशा बेतानं मारायचं, हेही तिला कुणी शिकवायला नको होतं. सगळ्यांत वाईट होतं ते असं की एका दुपारी तिचा हात वर गेला आणि तो जड लागला नाही. हलका लागला. समोर कुत्रं आक्रसलेलं, कान मागं, डोळे मिटलेले, आणि हात वर, आणि त्या क्षणी जगात तिला भिणारं कुणीतरी होतं. तिला गोड वाटलं. क्षणभरच. मग तिला नवऱ्याचं तोंड आठवलं, मारण्याच्या आधीचं, ज्यावर राग नसतोच मुळी, एक प्रकारची स्वस्थता असते. ते तोंड आता आपल्या मानेवर आहे असं वाटून तिनं लाकूड टाकलं आणि पदरानं चेहरा घासला, कातडी लाल होईपर्यंत. भुऱ्या आता तिच्या हातची भाकरी खात नव्हता. ती मागच्या दाराशी ठेवून आत गेल्यावर खाई. आणि दिनकरराव चकित होते. "बिचकायला का लागलाय हा? दुखतंय वाटतं कुठं," असं म्हणत ते त्याचे पंजे तपासायचे. चार दिवस त्याला विसावा देऊ म्हणाले. त्यांना कुठलाच संशय आला नाही, कारण बायकोचाही हात वर जाऊ शकतो ही गोष्ट त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

सटवाजीकाका पोळ्यानंतरच्या बाजाराला आले. सोबत भुजंग होताच, वाटेत भेटलेली पेडगावची दोन माणसंही होती. दिनकरराव जरा आढेवेढे घेत होते, कुत्र्याची तबियत बरी नाही म्हणाले. पण भुजंगाची इज्जत पणाला होती. "दाजी, येकदाच. काका मला लबाड म्हनायल्यात." मनकर्णा दारात येऊन उभी राहिली, पदर डोक्यावरून पुढं ओढून. दिनकररावांनी चेंडू घेतला, भुऱ्याला चुचकारलं. तो आला, समोर बसला, पण शेपटी हलत नव्हती. दिनकररावांनी हात वर नेला. कुत्र्याच्या नरड्यातून जो आवाज निघाला तो मनकर्णानंही ह्याआधी ऐकला नव्हता. ते पळालंसुद्धा नाही. जागच्या जागी जमिनीला चिकटलं, डोळे मिटले, आणि त्याच्याखाली माती ओली झाली.

कुणी हसलं नाही. सटवाजीकाका उठले, कुत्र्यापाशी उकिडवे बसले, त्याच्या बरगडीवर हात ठेवला तर ते थरथरत होतं. बैल पारखण्यात जन्म गेलेला माणूस. त्यांनी मान वर केली. "जावईबापू, लय मारलंय तुमी ह्येला."

"मी? काका, देवाशपथ, मी बोटसुद्धा लावलं नाही त्याला. आबासाहेबांना विचारा. सगळ्या गल्लीला विचारा." दिनकररावांचा आवाज फाटला. "मी कशाला मारीन? कधीच मारलं नाही मी त्याला!"

ते खरं बोलत होते. मनकर्णाच्या आठवणीत इतकं स्वच्छ, इतकं पुरेपूर खरं ते कधी बोलले नव्हते, आणि समोरच्या एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसला नाही. तिनं ते तोंडांवर वाचलं. भुजंगानं आधी कुत्र्याकडं बघितलं, मग दाजीच्या हाताकडं, आणि मग, फार सावकाश, दारात उभ्या असलेल्या बहिणीकडं. त्याची मान खाली गेली. बैलगाडीत तिनं सांगितलेला एकेक शब्द आता त्याला ऐकू येत असावा. तिला वाटलं होतं की हे बघून आपल्याला हायसं वाटेल. वाटला तो संतापच. सख्ख्या भावाला तिनं तोंडानं सांगितलं होतं, रडून सांगितलं होतं. आणि त्याला पटलं ते कुत्र्याचं मूत बघून.

"मनकर्णे," काका म्हणाले, "तुझ्या आईनं कानावर घातलं हुतं, ते खरं निघालं. चार लुगडी घे. चल."

"काका, महालक्ष्म्या तोंडावर आल्यात," दिनकरराव म्हणाले. "घरची बाई घरात नको?"

"मांडा तुमच्या तुमी. पोरगी बाळतीन झाल्यावरच काय ती बोलनी होतील." एवढंच बोलून काकांनी तोंड फिरवलं.

टांगा दाराशी आला तेव्हा दिनकरराव तिच्याजवळ आले. भुजंग गाठोडं चढवत होता. ते खालच्या आवाजात बोलले, आणि त्या आवाजात विनवणी होती, जन्मात पहिल्यांदा. "तू घरात होतीस सगळा वेळ. तुला माहीत आहे मी त्याला मारलं नाही. तू तरी सांग त्यांना." तिनं त्यांच्याकडं बघितलं. माणूस भेदरलेला होता. आपण खरं बोलतो आणि ते कुणापर्यंत पोचतच नाही, म्हणजे काय होतं, ते त्याच्या तोंडावर उमटलेलं होतं. तिला त्याची दया येईल की काय अशी भीती वाटली. "मला माहीत हाय," ती म्हणाली. "पर माझं कोन ऐकतंय?"

भुऱ्या रस्त्यापलीकडं लिंबाखाली जाऊन बसला होता. तिनं पदरात बांधून आणलेली भाकरी सोडली, खाली वाकली आणि हात लांब करून बोलावलं. भुऱ्यानं भाकरीकडं बघितलंच नाही. तो तिच्या हाताकडं बघत होता. तिनं चार पावलं पुढं टाकली तेव्हा तो उठला, मागं सरकला, आणि नाल्याच्या दिशेनं पळत सुटला, मागं वळून न बघता. ती भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग टांग्यात येऊन बसली. काकांनी टांगेवाल्याला निघ म्हणून सांगितलं आणि बराच वेळ कुत्रं गेलं त्या बाजूला बघत राहिले.

"कसं भेदरलंय बिचारं," ते म्हणाले. "काय मारलं आसंल त्या हैवानानं. न्हाई?"

"व्हय, काका," मनकर्णा म्हणाली.